पासिंग संपलेली गाडी: चाक हलवण्याआधी काय करायचं आणि ती पुन्हा रस्त्यावर कशी आणायची

टेम्पो रात्री बारापर्यंत वैध असतो आणि पहाटे चारला मार्केट यार्डाकडे निघताना नसतो. गाडी कालचीच, चालक कालचाच, ब्रेकही कालचेच. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या पहाटे तो टेम्पो नोंदणी नसलेल्या गाडीच्या रांगेत जातो. बऱ्याच मालकांना हे ठाऊक नसतं. फिटनेस संपली म्हणजे एक कागद जुना झाला, पुढच्या आठवड्यात बघू, असा समज असतो. त्यामुळे आधी कायदा थोडक्यात समजून घेऊ, मग कामाला लागू.

मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५६ सांगतं की योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या बोलण्यातली पासिंग किंवा फिटनेस, चालू नसेल तर व्यावसायिक वाहन कलम ३९ च्या अर्थाने वैध नोंदणीचं मानलं जाणार नाही. कलम ३९ म्हणतं, नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर चालवायची नाही आणि चालवूही द्यायची नाही. म्हणजे चालकाबरोबर मालकही जबाबदार. त्याची शिक्षा कलम १९२ मध्ये आहे. पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड. पुन्हा सापडल्यास ५,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय कलम ३९ चा भंग झाला की कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार मिळतो. मालकाला खरा फटका इथे बसतो. दंड एकदा भरून संपतो, पण गाडी आठवडाभर आवारात उभी राहिली की भाडं, हप्ता आणि गिऱ्हाईक तिन्ही जातात.

विम्याचं दुखणं याहून मोठं आहे. "इन्शुरन्स चालू आहे ना, मग काय?" असं विचारणाऱ्यांनी दोन दावे वेगळे करून पाहावेत. अपघातात दुसऱ्याला इजा झाली तर न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे जखमीला पैसे मिळतात, पण ओझं फिरून मालकाच्या घरावर येतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर मुळातच धोक्यात. तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाडीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फेटाळला, कारण वैध नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणणं हाच विमा कराराचा मूलभूत भंग ठरला. फिटनेस नसलेली गाडी नोंदणीच नसल्यासारखी धरली जाते, त्यामुळे कंपन्या हाच मुद्दा पुढे करतात.

तारीख नेमकी कुठे बघायची

नवीन व्यावसायिक गाडीची पहिली फिटनेस दोन वर्षांची. त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी नूतनीकरण. गफलत इथेच होते. "आपली पासिंग दोन वर्षांची असते" हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि आठवं वर्ष ओलांडल्यावर मिळालेल्या प्रमाणपत्रावरची एका वर्षाची तारीख कुणी वाचतच नाही.

प्रमाणपत्राचा कागद गाडीत चुरगळून, डिझेलने माखून गेलेला असतो. त्यावर विसंबू नका. एम-परिवहन ॲपमध्ये किंवा परिवहन सेवेच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाका. फिटनेस, विमा, पीयूसी, रस्ता कर आणि परमिट या पाच तारखा वेगवेगळ्या दिसतात. पाचही एका कागदावर लिहा आणि डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला चिकटवा. नाक्यावरचा अधिकारीही हीच नोंद पाहतो. बिहार, ओडिशा, गुजरात अशा राज्यांत टोलनाक्यावरचे कॅमेरे नंबर वाचून नोंदींशी ताळा घेतात आणि आपोआप ई-चलन काढतात. महाराष्ट्राबाहेर फेऱ्या मारणाऱ्या ट्रकला कुणी हात दाखवून थांबवण्याचीही गरज उरलेली नाही.

खाजगी कार आणि दुचाकीला ही पासिंग नसते. त्यांची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पण पंधरावं वर्ष संपलं की खाजगी गाडीलाही तीच अडचण येते. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. एप्रिल २०२२ पासून दुचाकीला १,००० आणि कारला ५,००० रुपये शुल्क आहे. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या गाड्यांना हे दुप्पट झालं, म्हणजे दुचाकीला २,००० आणि कारला १०,०००. उशीर झाला तर महिन्याला दुचाकीवर ३०० आणि इतर गाड्यांवर ५०० रुपये जादा. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. पुढचा सगळा लेख मात्र व्यावसायिक गाड्यांबद्दल आहे.

पहिलं काम: गाडी थांबवा

फिटनेस संपल्याचं लक्षात आलं त्या क्षणी गाडी जिथे आहे तिथे सुरक्षित लावा. "एवढी एक फेरी करतो" ही फेरीच महागात पडते. माल भरलेला असेल तर दुसऱ्या गाडीत हलवा. चालकाला मालकाने स्वतः फोन करून सांगायला हवं. तारीख संपलेली असताना चालकाला "बघ, सांभाळून जा" म्हणून पाठवणं त्याच्यावर अन्याय आहे, कारण नाक्यावर चलन त्याच्या हातात पडतं आणि त्याचं लायसन्सही त्यात गुंतू शकतं.

दुसरं काम: देणी आणि कागद

मेकॅनिककडे जाण्याआधी परिवहन खात्याच्या 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीवर नूतनीकरणाचा अर्ज उघडून बघा. राज्य आणि आरटीओ निवडा, गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाका, नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. मोबाईल नंबर जुना असेल तर आधी तो बदलावा लागतो. सेकंडहँड गाडीत ही अडचण हमखास येते, कारण नंबर आधीच्या मालकाचा असतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो.

अर्ज पुढे सरकत नसेल तर कारण बहुतेक यांपैकी एक असतं: थकलेला रस्ता कर किंवा पर्यावरण कर, न भरलेली ई-चलनं, संपलेला विमा, संपलेली पीयूसी, किंवा एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, नसणं. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना ही प्लेट आता बसवून घ्यावी लागते आणि तिची वेळ मिळायलाही दिवस जातात. म्हणून सगळ्यात आधी प्लेटचं बुकिंग करा. पीयूसी बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या गाड्यांना वर्षाची, त्याआधीच्यांना सहा महिन्यांची.

विलंब शुल्काबद्दल खूप गोंधळ आहे. केंद्रीय नियमानुसार फिटनेस संपल्यावर दर दिवसाला ५० रुपये जादा लागतात. म्हणजे १०० दिवसांचे ५,००० आणि पूर्ण वर्षाचे १८,२५०. महाराष्ट्रात रिक्षा-टॅक्सी संघटनांच्या आंदोलनानंतर जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने या वसुलीला स्थगिती दिली. तपासणीचं मूळ शुल्कही गाडीचा प्रकार आणि वय यांवर बदलतं आणि गाडी जुनी होत जाईल तसं चढतं. त्यामुळे चहाच्या टपरीवर ऐकलेला आकडा धरून बसू नका. अर्जात तुमच्या गाडीसमोर जी रक्कम येते तीच खरी, आणि ती ऑनलाइन भरून पावती घ्या. "सगळं मिळून एवढे द्या" म्हणणाऱ्याला पावतीची फोड मागा.

तिसरं काम: गाडीची तयारी

वेळ इथे घालवावा. नापास होणाऱ्या गाड्या इंजिनामुळे क्वचितच अडकतात. अडकतात त्या ब्रेक, दिवे, पट्ट्या आणि चेसिस नंबर यांवर.

चेसिस नंबरपासून सुरुवात करा. निरीक्षक तो नंबर कागदाशी जुळवतो आणि बऱ्याचदा त्याची पेन्सिल-प्रिंट लागते. ट्रक-टेम्पोत तो उजवीकडच्या फ्रेमवर असतो आणि त्यावर ग्रीस, चिखल आणि रंगाचे थर बसलेले असतात. रॉकेलात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं त्यावर दाबून ठेवा, मग लाकडी काडीने मळ काढा. रंग राहिला तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश चुकूनही लावू नका. अक्षरांची धार गेली की नंबरशी छेडछाड झाल्याची शंका येते आणि मग पुन्हा नंबर ठोकण्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. नंबर कोरडा झाला की पातळ कागद घट्ट ताणून धरा आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवा. सगळे आकडे एका नजरेत वाचता आले पाहिजेत. गंजाने एखादा आकडा खाल्ला असेल तर तपासणीच्या दिवशी कळण्यापेक्षा आजच आरटीओत लेखी विचारा.

ब्रेकचा नियम आकड्यात आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी पायब्रेक दाबल्यावर १३ मीटरमध्ये थांबली पाहिजे. मोकळ्या, कोरड्या, सपाट जागेत खडूने रेघ मारून ब्रेक दाबा आणि टेपने मोजा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर नुसता ब्रेक आवळून घेऊ नका. त्या बाजूचा ब्रेक चांगला धरतोय आणि विरुद्ध बाजूचा धरत नाही, असा अर्थ घ्या. कमकुवत चाकाचा ड्रम काढा. लायनरवर तेलकट चमक असेल तर व्हील सिलिंडर गळतोय किंवा हबच्या सीलमधून ग्रीस येतंय. तेल प्यालेलं लायनर पेट्रोलने पुसून परत बसवलं की दोन दिवस बरं वाटतं, मग गरम झाल्यावर तेल पुन्हा वर येतं. सील आणि लायनर दोन्ही बदला, आणि लायनर दोन्ही बाजूंचे एकत्र बदला. एअर ब्रेकच्या गाडीत टाकीत पूर्ण हवा भरा, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि गेजचा काटा पाहा. काटा खाली सरकत असेल तर साबणाचं पाणी सांध्यांवर टाकून बुडबुडे शोधा. हँडब्रेक चढावर गाडी धरतो का तेही पाहा, कारण बरेच जण तो वर्षानुवर्षं वापरतच नाहीत आणि केबल गंजून बसलेली असते.

स्टिअरिंगची मोकळी फिरत, म्हणजे चाक न हलता स्टिअरिंग जितकं फिरतं ती, ३० अंशांपेक्षा जास्त नको. स्टिअरिंगच्या कडेवर खडूची खूण करून मोजता येते. जास्त निघाली तर टाय रॉडचे टोक आणि किंगपिन आधी तपासा, स्टिअरिंग बॉक्स नंतर.

टायरच्या खाचांची खोली रिक्षाला ०.८ मिलिमीटर आणि बाकीच्या चारचाकी-सहाचाकींना १.६ मिलिमीटरच्या खाली नको. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी खूण असते. तिच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा दिसतो. टायरचा पृष्ठभाग त्या उंचवट्याला टेकला की टायर संपला. एका कडेने जास्त झिजलेला टायर बदलण्याआधी अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवाही तसाच खाल्ला जाईल.

इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकले पाहिजेत. भराभर लुकलुकत असेल तर एक बल्ब गेलाय किंवा कमी वॅटचा लावलाय. मागचे दिवे मंद असतील तर बल्बआधी अर्थिंगची वायर खरवडून बघा. दहातल्या निम्म्या गाड्यांत दोष तिथेच असतो. रंगीत दिवे, बाहेरून लावलेले प्रखर एलईडी, म्युझिकल हॉर्न, बुलबार, काळी फिल्म हे सगळं काढूनच जा. "आत गेल्यावर काढतो" म्हणणाऱ्याचा नंबर हमखास परत येतो.

रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या समोर पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल. मान्यताप्राप्त पट्टीवर ठरावीक अंतराने छाप असतो आणि विक्रेता प्रमाणपत्र देतो. धुळीवर चिकटवलेली पट्टी पहिल्याच पावसात सुटते, म्हणून जागा थिनरने पुसून, कोरडी करून मगच लावा. या पट्टीची किंमत समजून घ्यायची असेल तर रात्री कडेला बंद पडलेला ट्रक मागून येणाऱ्या मोटारसायकलच्या उंचीवरून पाहा. पट्टी नसेल तर तो रस्त्याचाच काळोख वाटतो.

मागचा आडवा बंपर, ज्याला आरयूपीडी म्हणतात, त्याची खालची कड रिकाम्या गाडीत जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा वर नको. खड्ड्यात घासतो म्हणून चालक तो वर ठोकून घेतात. पण त्याचं काम मागून आदळणाऱ्या कारला ट्रकखाली घुसू न देणं हे आहे. वर उचललेला बंपर हे काम करत नाही आणि तपासणीतही टिकत नाही. बाजूचे गार्डही सैल झालेले असतील तर वेल्डिंग करून घ्या.

उरलेली उपकरणं गाडीप्रमाणे बदलतात. रिक्षा-टॅक्सीला मीटरचं कॅलिब्रेशन आणि सील. ज्यांना लागू आहे त्यांना वेगनियंत्रक आणि त्याचं चालू प्रमाणपत्र. प्रवासी गाड्यांना लोकेशन ट्रॅकिंग यंत्र आणि पॅनिक बटण. हे यंत्र बसवलेलं असतं, पण सिमचं रिचार्ज संपल्याने बंद पडलेलं असतं, हे आधी तपासा. सीएनजी गाडीच्या सिलिंडरची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि तिची तारीख सिलिंडरजवळच्या पट्टीवर असते. अग्निशामकाचा काटा हिरव्या भागात हवा, प्रथमोपचार पेटी रिकामी नको.

गाडी तपासणीच्या ट्रॅकपर्यंत न्यायची कशी

संपलेल्या फिटनेसवर स्वतःच्या चाकांवर चालवत नेणं हा सगळ्यात सोपा पण चुकीचा मार्ग आहे. अपॉइंटमेंटची पावती म्हणजे फिटनेस नव्हे. ती दाखवल्यावर एखादा अधिकारी समजून घेईल, पण विमा कंपनी घेणार नाही. तपासणीपुरती गाडी हलवायची असेल तर जवळच्या आरटीओकडे आधी लेखी अर्ज करून परवानगी मागा. नाहीतर सपाट ट्रेलरवर किंवा क्रेनने न्या. टोचन करून नेणार असाल तर दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसन्स असलेला माणूस हवा. रिकामी न्या, दिवसा न्या.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ब्रेक चाचणीसाठी किमान २५० मीटरचा ट्रॅक लागतो, त्यामुळे तपासणीची जागा आरटीओ कार्यालयातच असेल असं नाही. पुण्याच्या गाड्यांना घाट चढून सासवड रस्त्यावरच्या दिवे गावाला जावं लागतं. अपॉइंटमेंट कागदावर पत्ता नीट वाचा आणि तिथपर्यंतच्या वाहतुकीचा खर्च आधी ठरवा. ज्या जिल्ह्यांत स्वयंचलित तपासणी केंद्रं सुरू झाली आहेत तिथे रोलरवर ब्रेक मोजला जातो. डाव्या-उजव्या चाकाच्या जोरातला फरक तिथे लगेच उघडा पडतो.

तपासणीच्या दिवशी

गाडी धुऊन न्या, खालूनसुद्धा. धुतल्यावर गळती लपत नाही म्हणून काही जण धुवत नाहीत, पण चिखलाखाली काय आहे हे न दिसणारी गाडी निरीक्षक जास्त बारकाईने बघतो. आरसी, जुनी फिटनेस, विमा, पीयूसी, कर पावती, परमिट, उपकरणांची प्रमाणपत्रं आणि शुल्काची पावती या क्रमाने एका फायलीत लावा. गाडीला नेहमीचा चालक सोबत द्या, तिचा ब्रेक त्याच्या पायाला माहीत असतो.

गाडी नापास झाली तर दोष लेखी मागा. तोंडी "ब्रेक कर आणि ये" एवढ्यावर परत फिरू नका, कारण पुढच्या वेळी दुसरा निरीक्षक असेल. लिहून दिलेले दोषच दुरुस्त करा, त्यांची बिलं फायलीत लावा आणि पुन्हा वेळ घ्या. फेरतपासणीला पुन्हा शुल्क लागू शकतं. गाडी मध्ये चालवू नका, नापास झालेली गाडी पकडली गेली तर बचाव उरत नाही.

रस्त्यात अडवलं तर

गाडी बाजूला घ्या, कागद द्या, तारीख संपल्याचं नाकारू नका. चलनावर कोणतं कलम लिहिलं आहे ते वाचा. परमिटचं कलम १९२-अ वेगळं आहे, त्याचा दंड १०,००० रुपये. परमिट वैध असून तेच लागलं असेल तर तिथेच नम्रपणे दाखवा. गाडी अडकवली तर पंचनाम्यात किंवा ताबापावतीत स्टेपनी, बॅटरी, डिझेल, माल यांची नोंद करून घ्या. नाशवंत माल असेल तर तो दुसऱ्या गाडीत हलवायची परवानगी लगेच मागा.

अपघात झाला असेल तर जखमींना आधी दवाखान्यात पोहोचवा, पोलिसांना आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. फिटनेसची तारीख लपवू नका. अपघातानंतर काढलेली पासिंग मागच्या तारखेपासून लागू होत नाही, आणि तशी करून देतो म्हणणारा माणूस तुम्हाला बनावट कागदाच्या गुन्ह्यात अडकवतो.

भाड्याने गाडी घेणाऱ्यांनीही हे तपासावं. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या गाड्या असतात, त्या व्यावसायिकच. मुलांची स्कूल व्हॅन तशीच. नंबर ॲपमध्ये टाकला की फिटनेसची तारीख दिसते. व्हॅनवाल्या काकांना विचारायला संकोच वाटत असेल तरी विचारा, आणि तारीख गेलेली दिसली तर पासिंग होईपर्यंत मुलाला शाळेत पोहोचवायची दुसरी सोय करा.